सहा मिनिटं आणि खांद्यावरची मी

मी पिशवी बोलतेय. निळ्या जाड कापडाची, तीन कप्प्यांची आणि स्वभावानं जरा आगाऊ.

माझा जन्म दोन जिने वर असलेल्या, बाईंच्या शिवणकामाच्या दुकानात झाला. पडद्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून बाईंनी मला शिवलं आणि खांद्याला लावलं. तिथून मी उतरलेच नाही.

घरात दम लागण्याचं दुखणं दोघांना, बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे साहेबांना. साहेबांनी वर्षानुवर्षं सिगारेट ओढली, बाईंनी त्यांचा धूर. फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या फुंकायच्या यंत्रावर दोघांचे टक्के सारखेच. पण जिन्याच्या वळणावर थांबायच्या त्या बाई. वरून साहेबांची हाक यायची, "अगं, मलाही तोच आजार आहे. मी थांबतो का?"

शेवटी मुलानं सांगून टाकलं, "आई, या खेपेला चालण्याच्या तपासणीत मागच्यापेक्षा कमी भरलीस, तर दुकान बंद."

म्हणजे माझं माहेरच बुडालं की!

दवाखान्यातल्या लांब बोळात सहा मिनिटं येरझारा घालायच्या. आधी साहेब गेले. जाण्यापूर्वी स्वेटर, पाण्याची बाटली, वर्तमानपत्र, दोघांच्या फायली, सगळं माझ्यात कोंबलं आणि हात हलवत तीनशे ऐंशी मीटर चालून आले.

मग बाई उठल्या. सवयीनं मला खांद्यावर घेऊन. तपासणाऱ्या ताई घड्याळ लावण्यात गुंतलेल्या. चौथ्या फेरीलाच बाईंनी भिंत धरली.

बाकावर नवी सून बसली होती. घरात येऊन तीन महिने झाले, तरी 'हो' आणि 'नको'पलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती ताडकन उठली. "आई, ती पिशवी!"

"राहू दे गं, तिचं कसलं ओझं?"

"अगंबाई, माझ्याही लक्षात आलं नाही," ताई म्हणाल्या. "बसा तासभर. पुन्हा चालू."

सुनेनं मला उतरवलं आणि निमूटपणे सासऱ्यांच्या खांद्यावर अडकवलं.

दुसऱ्या खेपेला बाई तीनशे दहा मीटर चालल्या. मागच्यापेक्षा वीस जास्त!

"तरी माझ्यापेक्षा कमीच," साहेब पुटपुटले.

"बाबा," सून म्हणाली, "बायकांच्या श्वासनळ्या मुळातच लहान. तेवढंच चालायला त्यांचा श्वास जास्त राबतो. तुमच्या पट्टीनं त्यांना मोजू नका."

साहेबांनी मान डोलावली. एक तर मुद्दा पटला होता, शिवाय माझा पट्टा रुतत होता.

दुकान चालू आहे. मी आता विटलेय, एक बंद उसवलाय. पण रोज माहेरी जाते, साहेबांच्या खांद्यावरून. वाचकहो, तुमच्या घरी कुणी जिन्यात थांबलं, तर हाक मारण्याआधी त्यांच्या खांद्यावर काय आहे ते बघा, एवढंच मागणं.

काल वळणावर दोघंही थांबले.

"काय हो, दम लागला?" बाईंनी विचारलं.

"छे! पिशवी थकलीय."

मोकळ्या खांद्यानं हसणाऱ्या बाई मी पहिल्यांदाच बघत होते.