पक्क्या वहीतले आजोबा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि मला एका जागी स्थिर राहता येत नाही. यात माझ्या स्वभावाचा दोष नाही, माझ्या मागच्या डाव्या पायाचा आहे. ज्या सुतारानं मला घडवलं, त्यानं त्या दिवशी सहा खुर्च्यांचे पाय कापले. पाचांना त्याचं लक्ष मिळालं. माझी पाळी आली तेव्हा तो दारात कुणाशी तरी हुज्जत घालत होता आणि करवत बोटभर पुढे गेली. त्यानं मला हलवून पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय. फरशी कुणाची सपाट असते?" एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर मी जगात आले.

आम्ही सहाजणी एका घरात जेवणाच्या टेबलाभोवती लागलो. तिथं मी फार दिवस टिकले नाही. एका पाहुण्याचा चहा त्याच्याच शर्टावर सांडला आणि माझी रवानगी बाहेरच्या खोलीत झाली. पाहुणा तक्रार करतो, विद्यार्थी करत नाही, हे त्या घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

कारण त्या बाहेरच्या खोलीत बाईंची शिकवणी चालायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई घरी इंग्रजी शिकवू लागल्या, भाषाही आणि साहित्यही. एका वेळी एकच विद्यार्थी, एक तास. टेबलाच्या एका बाजूला बाईंची हातांची, गादीची खुर्ची. दुसऱ्या बाजूला मी.

मित्रांनो, माणूस तोंडानं काय वाटेल ते सांगतो, पण बसतो तो खरं. बावीस वर्षांत माझ्यावर एकशे त्रेसष्ट विद्यार्थी बसले आणि एकेकाची नोंद माझ्यापाशी आहे. अभ्यास न करता आलेले एकोणचाळीस. ते काठावर बसतात, पळायला सोपं. केलेला अभ्यास दाखवायला आलेले अकरा; ते पुढं झुकतात. बसल्या बसल्या झोपलेले चार, त्यातला एक बँकेचा मॅनेजर. आणि पाय हलवणारे? सगळेच्या सगळे. निदान बाईंचं मत तसंच होतं. दर पाच मिनिटांनी त्या चष्म्यावरून पाहायच्या आणि म्हणायच्या, "चुळबुळ नको. स्थिर बस." बिचारा विद्यार्थी श्वास रोखून बसायचा आणि मी तरीही डुगडुगायचे. मग तो माझ्यामुळे पुन्हा बोलणी खायचा. हे पाप माझ्या खात्यावर आहे.

बाईंची शिकवायची एक रीत होती. प्रत्येकाच्या दोन वह्या. कच्च्या वहीत विद्यार्थ्यानं मनानं निबंध लिहायचा. बाई त्यावर लाल पेन चालवायच्या, असं की पानाला गोवर उठल्यासारखं दिसावं. मग सुधारलेला निबंध पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचा, पाठ करायचा आणि माझ्यावर बसून घडाघडा म्हणून दाखवायचा. कच्ची वही रद्दीत. पक्की वही परीक्षेला. गुण असे पडायचे की पालक म्हणायचे, बाईंचा हात लागला की सोनं होतं.

मीही फुशारकीनं कुरकुरायचे. पण एक गोष्ट मला कधीपासून टोचत होती. बसणारे एकशे त्रेसष्ट, वजनं वेगळी, बूड टेकायची तऱ्हा वेगळी, आणि म्हणून दाखवणारा आवाज मात्र एकच. सगळ्यांच्या निबंधात तीच नदी, तीच सोनेरी संध्याकाळ. आणि सगळ्यात लाडका निबंध आजोबांचा. ते आजोबा चांदीच्या मुठीची काठी टेकत चालायचे, नातवाला ताऱ्यांची नावं शिकवायचे आणि शेवटच्या परिच्छेदात एका शांत पहाटे जायचे. माझ्या मोजणीप्रमाणे ते माझ्यावर सत्तेचाळीस वेळा वारले.

आता भिरभिऱ्याविषयी सांगते. हे नाव बाईंच्या यजमानांनी ठेवलेलं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काका आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचतात आणि बाहेरचं सगळं ऐकतात. भिरभिरं म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी. ती मामाच्या लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावायची आणि तिथून धावत शिकवणीला यायची. तिला इंग्रजी साहित्य शिकायला कॉलेजात जायचं होतं. त्यासाठी प्रवेशाची परीक्षा होती: एका तासात एक निबंध, आणि मग त्यावर तोंडी प्रश्न.

मागच्या वर्षी ती लेखीत पास झाली आणि तोंडीत पडली. तिनं पक्क्या वहीतली नदी उतरवली होती. समोरच्या परीक्षकानं साधंच विचारलं, "तू कुठल्या काठावर उभी होतीस?" मुलीनं जन्मात नदी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "दोन्ही."

यंदा मामानं निक्षून सांगितलं होतं, "हे शेवटचं. नाव लागलं नाही तर गुमान काउंटरवर बसायचं." ती माझ्यावर बसायची तेव्हा तिच्या गुडघ्यांचा थरकाप आणि माझ्या पायाची डुगडुग यांत कुणाचं काय, हे मलाही कळायचं नाही.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना दार वाजलं. एक म्हातारे गृहस्थ आत आले. हात जाडजूड, नखांच्या कडेला कायमचं काळं बसलेलं. बाईंनी वडीलधारा पाहुणा म्हणून त्यांना आपली गादीची खुर्ची दिली आणि स्वतः माझ्यावर बसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"आपण?" बाईंनी विचारलं.

"औषधाच्या दुकानवाल्यांचा पोरगा तुमच्याकडं येतो ना? त्याचा आजोबा मी. वारलेला."

आतल्या खोलीत वर्तमानपत्राची सळसळ थांबली.

"काल शाळेत बक्षिसं होती," म्हातारबाबा सांगू लागले. "पोराला निबंधात पहिला नंबर. स्टेजवर वाचायला लावला. मी तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. सूनबाई शेजारी बसून मराठीत सांगत होती. सांगता सांगता थांबली. मी म्हटलं, पुढं काय झालं? ती म्हणाली, मामंजी, तुम्ही गेलात."

"अहो, तो केवळ नमुना होता," बाई म्हणाल्या. "कल्पना म्हणून..."

"मेलो त्याचं काही नाही, बाई. आज ना उद्या मरायचंच आहे. पण जो मेला तो मी नव्हतोच. चांदीच्या मुठीची काठी म्हणे. मी चाळीस वर्षं ट्रकचे टायर बदलले. काठी कशाला लागते मला? आणि तारे? मला एक सूर्य ओळखू येतो. घरी येऊन पोराला विचारलं, बाबा रे, मी काय काम करायचो सांग. त्याला सांगता येईना. निबंध मात्र तोंडपाठ."

बाई काही बोलायला पुढे झाल्या. मी डुगडुगले. त्या मागे झाल्या. मी पुन्हा डुगडुगले.

"सरळ बसा की, बाई. सारख्या हलताय."

"मी नाही. खुर्ची हलतेय."

"आमचा पोरगाही हेच म्हणायचा," म्हातारबाबा उठत म्हणाले. "आम्हाला वाटायचं, निमित्त सांगतोय."

ते गेले. काका बाहेर आले, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि माझ्या पायाखाली बोट घालून पाहिलं. बोट सहज गेलं.

"बावीस वर्षं," काका म्हणाले.

"पुरे," बाई म्हणाल्या.

काकांनी माझ्या पायाखाली रबराचा एक तुकडा सरकवला. तो दर दोन तासांनी निसटायचा, आणि काका दर दोन तासांनी येऊन तो सरकवायचे आणि जाताना काहीच बोलायचे नाहीत. बाईंना ते बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं.

संध्याकाळी भिरभिरं आलं. बाईंनी तिची पक्की वही घेतली, कपाटात टाकली आणि किल्ली फिरवली.

"यातलं काही लिहायचं नाही."

मुलीचा चेहरा उतरला. "बाई, बारा दिवस राहिलेत."

"म्हणूनच."

"तुमची वाक्यं काढून घेतली तर माझ्याकडे राहतं काय?"

"ते बघू या."

"बघण्यासारखं काही नाही हो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस या खोलीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. मुलगी कच्च्या वहीत दोन ओळी लिहायची, खोडायची, माझ्या बैठकीच्या कडेचा वेत नखानं उसवायची. बाईंचा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन काकांच्या हवाली केलं. तिसऱ्या दिवशी मागायला गेल्या. काकांनी ते खिशात घालून वरून बटण लावलं होतं. "पेन जप्त आहे," ते म्हणाले. बाई परत येऊन बसल्या आणि आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. शिकवायचं म्हणजे सुधारायचं, एवढंच त्यांना जन्मभर येत होतं. सुधारायचं नाही तर करायचं काय, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मुलगी उशिरा आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मामाशी भांडण झालं. त्या कोटावरून."

"कुठल्या कोटावरून?" बाई म्हणाल्या. सहजच. तासाची सुरुवात कशी करावी हे सुचत नव्हतं, म्हणून.

"आहे एक. मागच्या दांडीवर. तीन वर्षं झाली, कुणी न्यायला आलं नाही. मामा म्हणतो, टाकून दे. मी नाही टाकू देत."

"का?"

"आतला खिसा फाटला होता. तो कुणीतरी घरी शिवलाय. दोरा हिरवा, कोट करडा. शिवणारीला शिवता येत नव्हतं, पण टाके इतके घट्ट की खिसा आता उघडतच नाही. मी दर महिन्याला त्याची धूळ झटकते."

"मग पुढे काय झालं?"

मुलगी सांगत गेली. चिठ्ठीवरचा नंबर वाफेनं पुसला गेला होता. एकदा एक बाई आली, दांडीवरचे सगळे कपडे हातानं चाळले, त्या कोटापाशी थांबली आणि काही न बोलता निघून गेली. तिचाच होता का? होता तर नेला का नाही? पाऊण तास मुलगी बोलत होती, आणि मित्रांनो, मी शपथेवर सांगते, तिचा पाय हलला नाही.

"हे लिही," बाई म्हणाल्या.

"हे? हा काय निबंधाचा विषय आहे? आणि माझ्या इंग्रजीत ते कसं दिसेल?"

"वाईट दिसेल," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "लिही."

तिनं लिहिलं. खरंच वाईट दिसलं. बाईंनी ते वाचलं आणि उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. आत जाऊन काकांना हळू आवाजात म्हणाल्या, "चुकांसकट पाठवली आणि पडली, तर ते माझ्यामुळे. कळतंय ना तुम्हाला?"

"मागच्या वर्षी बिनचूक पाठवली होतीस," काका म्हणाले. "तेव्हा कुणामुळे पडली?"

बाई बाहेर येऊन बसल्या. उरलेले सात दिवस त्यांनी एकच काम केलं. मुलगी लिहायची, बाई विचारायच्या. दुपारी दुकानात वास कसला येतो? ती बाई पुन्हा दिसली का? मामा रागावला की हातांचं काय करतो? तास संपायला पाच मिनिटं उरली की अगदी ढोबळ चुका तोंडी सांगायच्या. लाल पेन खिशातच राहिलं.

परीक्षेच्या दिवशी बाई सकाळपासून खोलीत येरझारा घालत होत्या. दमल्या की जवळची खुर्ची म्हणून माझ्यावर टेकायच्या आणि लगेच उठायच्या. मी मोजलं, बावीस वेळा. तोंडी परीक्षेच्या दिवशी एकतीस.

त्या संध्याकाळी भिरभिरं आलं ते उभ्याउभ्याच सांगू लागलं. "विषय होता, एक दुपार. मी दुकानातली दुपार लिहिली. कोट घातला त्यात. इस्त्रीला इंग्रजीत काय म्हणतात तेच ऐनवेळी आठवेना, तर लिहिलं, कपड्यांना शांत करणारं तापलेलं लोखंड."

बाईंनी डोळे मिटले.

"तोंडीत परीक्षकांनी विचारलं, त्या बाईनं कोट का नेला नसेल? मी म्हटलं, मला माहीत नाही, पण मी तीन कारणं धरून ठेवलीत. ती सांगितली. मग त्यांची त्यांच्यातच जुंपली, कुठलं खरं म्हणून. मला बाहेर जा म्हणायचंच विसरले."

यादी लागली तेव्हा छत्तीस नावांत तिचं पस्तिसावं होतं. मामानं यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "म्हणजे आता काउंटरवर मीच." पण दुसऱ्या दिवशी त्यानं तिचे दोन्ही चांगले ड्रेस कडक इस्त्री करून पाठवले, हे मला काकांकडून कळलं.

मित्रांनो, इतकं सगळं झालं म्हणून बाई पार बदलल्या, असं मी सांगणार नाही. कालच एक नवा विद्यार्थी माझ्यावर येऊन बसला, बसच्या कंडक्टरचा मुलगा, काठावर बसणाऱ्यांतला. त्यानं वही पुढे केली. बाईंचा हात टेबलभर फिरला, पेन शोधत. सापडलं नाही. काकांनी अजून ते परत केलेलं नाही. मग हात वहीवर स्थिरावला आणि बाईंनी ती वाचली. पहिल्या ओळीत तीन चुका होत्या. त्या मला दिसल्या नाहीत, पण बाईंच्या श्वासावरून कळतात.

तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी भाऊ, भाची, शेजारचं पोर भीतभीत आपली वही तुमच्यापुढे धरेल. तेव्हा या म्हाताऱ्या खुर्चीची एवढी विनंती ध्यानात ठेवा. चुका कुठं पळून जात नाहीत, त्या पाच मिनिटांनी मोजल्या तरी तेवढ्याच भरतात. त्याआधी बाईंनी काल विचारलं तेवढंच विचारा. तो प्रश्न ऐकून मुलगा दचकला, त्यानं मान वर केली आणि काठावरून सरकून माझ्यावर नीट बसला. प्रश्न एवढाच होता: "मग पुढे काय झालं?"