क्लचचा सूर

वेस्ली हुहताने गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवली आणि गाडी हळू झाली. ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती, म्हणूनच ती दोन दिवसांत हेरन बे गावातल्या सगळ्यांना कळली.

वेस्लीने जन्मभर काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला होता. निवृत्त झाल्यावर त्याला एकच इच्छा उरली होती: फेब्रुवारीत गोठलेल्या खाडीवर गावचे बंबवाले स्नोमोबाईलची, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्यांची, शर्यत भरवतात, तीत मेहुण्याला हरवायचं. मेहुणा म्हणजे हार्लन पेल्टोला, वेस्लीच्या बायकोचा, मार्लिसचा, धाकटा भाऊ. त्याचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. शर्यत तो दर वर्षी जिंकायचा आणि पुढची शर्यत येईपर्यंत दर रविवारी बहिणीकडे जेवायला येऊन ती पुन्हा जिंकायचा. टेबलावर मीठदाणी म्हणजे तो, मिरपूड म्हणजे वेस्ली. मीठदाणी पुढे सरकली की वेस्ली ताटात मान घालायचा.

म्हणून या हिवाळ्यात वेस्लीने मोठे सिलिंडर मागवले, नवा सायलेन्सर मागवला आणि अख्खा जानेवारी गॅरेजात काढला. मार्लिस जेवायला हाका मारायची, तो "आलोच" म्हणायचा आणि गार पास्टी, खिमा-बटाट्याची ती मोठी करंजी, उभ्याउभ्या खायचा. गाडी तयार झाली तेव्हा त्याने मुद्दाम हार्लनलाच फोन करून खाडीवर बोलावलं. चूक झाली ती ही.

दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. वेस्लीने अंगठ्याने गॅस, म्हणजे वेगाचा खटका, दाबला. गाडीने अशी काही किंकाळी फोडली की किनाऱ्यावरच्या बर्चच्या फांद्यांवरचा बर्फ खाली आला. आवाज पुढे गेला आणि गाडी मागे राहिली. हार्लन आपल्या साध्या गाडीवर शेजारून निघून गेला, आणि जाताना त्याने एक हात सोडून टाटा केला.

परत आल्यावर त्याने हेल्मेट काढलं. "दाजी, आवाज झकास आहे. गाडी घरी विसरलात का?"

"क्लच लावायचा राहिलाय अजून," वेस्ली म्हणाला.

हे खरं होतं, पण त्याला ते त्याच क्षणी सुचलं होतं. या गाड्यांच्या क्लचमध्ये तीन छोटे हात असतात आणि त्या हातांना वजनं. इंजिन फिरलं की ते हात बाहेर फेकले जातात, पट्ट्याला दाबतात आणि इंजिनाची ताकद पट्ट्यातून खाली जमिनीला पोचते. वजनं हलकी असली तर इंजिन मोकळंच भणाणत राहतं, बैल सुटावा नि गाडा जागेवर राहावा तसं. फार जड झाली तर इंजिनाचा जीव घुसमटतो. वेस्लीने घोडा नवा आणला होता आणि लगाम जुनाच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारात मिळतील तेवढी जड वजनं आणून बसवली. वेस्लीचा स्वभावच तसा. सूप अळणी लागलं की तो मिठाचा डबाच उपडा करायचा. गाडी खाडीवर नेली, गॅस दाबला, तर ती आजारी म्हशीसारखी हुंदके देत निघाली. मासे धरायला बर्फावर बसलेली मंडळी टपऱ्यांतून डोकं काढून बघायला लागली. इंजिन किती फेरे घेतंय हे दाखवणारा काटा नव्या हादऱ्यांनी थरथरत होता आणि वेस्लीचा चष्मा वाफेने आंधळा झाला होता. त्यामुळे आपण नक्की कुठे चुकतोय हेही त्याला दिसत नव्हतं.

तो घरी आला तेव्हा मार्लिस पास्टीसाठी सलगम चिरत होती. "आज खाली गेला," ती म्हणाली.

"काय खाली गेलं?"

"सूर. काल काळी एकच्याही वर किंचाळत होती, आज खालच्या सप्तकातल्या पांढरी सातवर कण्हतेय. तुझी जुनी गाडी खाडीवरून यायची ना, ती बरोब्बर पांढरी एक लावायची. त्यावर मी कॉफी ठेवायचे."

"कशावर?"

"गॅसवर, वेस्ली. तुझा सूर ऐकून."

मार्लिस गावातल्या लूथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिचा कान असा, की शेजाऱ्यांच्या फ्रिजची घरघर बदलली तर ती त्यांना जाऊन सांगायची. वेस्लीचा कान उलट. लग्नानंतर पहिल्याच नाताळात तिने त्याला चर्चमध्ये फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं, आणि तो बिचारा इतकी वर्षं इमानाने ओठ हलवत होता.

"हे इंजिन आहे, भजन नाही," तो म्हणाला.

"बरं," म्हणून ती सलगम चिरायला लागली.

पण ज्याच्याकडून सिलिंडर मागवले होते त्या माणसाला वेस्लीने फोन केला तेव्हा तो म्हणाला, की या इंजिनाची खरी ताकद जुन्या इंजिनाच्याच वेगाला मिळते. फेरे तेवढेच ठेवा, फक्त ताकद जास्त आहे म्हणून वजनं वाढवा. वेस्लीने फोन ठेवला. फेरे तेवढेच म्हणजे सूरही तोच. त्याने कोट चढवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मार्लिस, जरा बाहेर येतेस का?"

"कशाला?"

"माहीत आहे तुला कशाला."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"पांढरी एक ऐकायला," तो म्हणाला.

त्या आठवड्यात गावाने एक नवंच दृश्य पाहिलं. मार्लिस हुहता बर्फावर बादली उपडी घालून तिच्यावर बसलेली, मांडीवर घोंगडी, हातात कॉफीचा थर्मास. आणि तिच्यासमोरून नवरा गाडी पिटाळतोय. गाडी गेली की ती अंगठा वर किंवा खाली करायची. वेस्ली वळून यायचा, गुडघ्यावर बसून क्लच उघडायचा, तिन्ही हातांच्या भोकांतले स्क्रू, म्हणजे तीच वजनं, काढायचा, नवे घालायचा. तिन्ही हात सारखे ठेवावे लागतात, नाहीतर क्लच थरथरतो. गारठलेल्या बोटांतून स्क्रू बर्फात पडायचा, मग दोघं मिळून तो शोधायची.

"सुरुवात चांगली लागते," एकदा ती म्हणाली. "पण शेवटी चढते. आमच्या गायिका शेवटच्या ओळीला चढतात ना, तशी."

"शेवटी म्हणजे वेग वाढल्यावर?"

"हो. तेव्हा सूर सुटतो तिचा."

वेस्ली विचारात पडला. सुरुवातीला वजन हाताच्या मुळाशी लागतं, वेग वाढल्यावर टोकाशी. मूळ तसंच ठेवायचं आणि टोकाला भर घालायची. त्याने तिन्ही हातांच्या टोकाच्या भोकांत जरासे जड स्क्रू बसवले. पुढच्या फेरीत गाडीने सुटताक्षणी एक सूर पकडला आणि तोच धरून ती खाडीच्या पार टोकापर्यंत गेली. हेल्मेटात वेस्लीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मासेवाल्यांच्या टपऱ्या दोन्ही बाजूंनी मागे पळायला लागल्या. तो परत आला तेव्हा मार्लिसचे डोळे मिटलेले होते.

"झोपलीस का?"

"थांब जरा," ती म्हणाली. "कानात आहे अजून."

शर्यतीच्या दिवशी सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती, पण दुपार होता होता ऊन पडलं आणि हवा सैल झाली. लोकांनी कोटाची बटणं उघडली. पहिल्या फेरीत वेस्ली सहज जिंकला. मग हार्लनची फेरी आली, आणि त्याची गाडी सुटली तशी मार्लिसने कॉफीचा कप खाली ठेवून कानांवर हात घेतले. हार्लनने गुपचूप आपल्याही गाडीला नवा सायलेन्सर लावला होता. वजनं मात्र जुनीच. समोर कुणी तगडा नसल्यामुळे तो कसाबसा जिंकला, पण गाडी कोंबडी मुरगळल्यासारखी ओरडत होती.

वेस्ली खूश झाला. अंतिम फेरीत तो आणि हार्लन, आणि हार्लनचा क्लच हलका. देवाने स्वतः येऊन मांडल्यासारखी गोष्ट. त्या आनंदात तो वेलदोड्याचा पाव आणायला चर्चच्या बायकांच्या टेबलापाशी गेला. परत येतो तर काय, मार्लिस हार्लनच्या गाडीशेजारी उभी, बोटाने क्लचकडे दाखवतेय, आणि हार्लन आज्ञाधारक मुलासारखा मान हलवत खोक्यातून वजनं काढतोय.

वेस्लीच्या हातातला पाव हातातच राहिला.

ती परत आल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "काय सांगितलंस त्याला?"

"काळी दोनवर गेली होती रे. टोकाला भर घाल म्हटलं."

"त्याला सांगितलंस? आज?"

"मग काय करू? दुपारभर ते ऐकत बसू?"

"तो माझ्या समोर उभा राहणार आहे, मार्लिस."

"माहीत आहे. पण बेसूर आहे म्हणून त्याला हरवलंस तर त्यात काय मजा." मग ती जवळ सरकली. "आणि ऐक, तुझीपण जराशी..."

"माझं काही सांगू नकोस," वेस्ली म्हणाला. "तुझ्या भावाकडे जा. त्याला काही कमीजास्त लागलं तर बघ."

"वेस्ली, एकच स्क्रू..."

त्याने हेल्मेट घातलं. हेल्मेटात माणसाला काही ऐकू येत नाही, निदान तसं दाखवता येतं. मार्लिस आपल्या बादलीवर जाऊन बसली.

झेंडा पडला. दोन्ही गाड्या एकदमच सुटल्या. हार्लनच्या गाडीने या वेळी किंकाळी फोडली नाही. ती भरदार आवाजात उठली आणि वेस्लीच्या खांद्याला खांदा लावून धावू लागली. निम्म्या अंतरावर दोघांत वीतभरही फरक नव्हता. आणि तिथे, जिथे वेस्लीने फक्त गॅस दाबून धरायचा होता, तिथे त्याला काहीतरी ऐकू आलं. दोन इंजिनांचे आवाज एकमेकांत मिसळत नव्हते. त्यांच्यामध्ये एक लाट उठत होती आणि बसत होती, उठत होती आणि बसत होती. एक आवाज दुसऱ्यापेक्षा केसभर खाली होता. खालचा कोणता, हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही, कारण तो त्याच्या मांड्यांखालून येत होता.

ऊन, त्याच्या मनात आलं. सकाळची थंड हवा गेली, ताकद जरा उतरली, आणि सकाळी बरोबर असलेली वजनं आता जड झाली. एक स्क्रू. मार्लिस तेच सांगायला आली होती.

हार्लन गाडीच्या पुढच्या घसरपट्टीच्या टोकाएवढ्या फरकाने जिंकला. लोकांनी टोप्या उडवल्या. बंबवाल्यांनी त्याच्या हातात ढाल दिली, जी तशीही वर्षभर त्याच्याच दुकानात टांगलेली असायची.

"दाजी," तो जवळ येऊन म्हणाला, "यंदा घाम फोडलात. खरं सांगतो, ताईने सांगितलं नसतं तर मेलोच होतो."

"माहीत आहे," वेस्ली म्हणाला.

संध्याकाळी घरचा सॉना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापला. दोघं वरच्या फळीवर घाम गाळत बसली होती. मार्लिसने तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि वाफ उठली. वेस्ली पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "खाली होती ना माझी?"

"कोण?"

"गाडी. जराशी खाली होती. हार्लनपेक्षा."

मार्लिस वळून त्याच्याकडे बघायला लागली. वाफेत तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मधे लाटा येत होत्या. वाँव, वाँव, अशा."

"तुला ऐकू आल्या?"

"मग काय, मी बहिरा आहे?"

यावर मार्लिस खूप काही बोलू शकली असती. तिला तसा हक्कही होता. पण तिने नुसता त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. वेस्लीला वाटलं, ढाल मिळाली असती तरी हे झालं नसतं. आणि ढाल पुसायला लागते, हा भाग वेगळा.

"मग सांगितलं का नाहीस जोरात?" तो म्हणाला.

"हेल्मेटात ऐकू येत नाही म्हणतात."

सोमवारी सकाळी हुहतांच्या दारात चार गाड्या उभ्या होत्या. हार्लनने दुकानात बसून ग्राहकागणिक सगळं सांगितलं होतं, अर्थात स्वतःच्या विजयासकट. त्यानंतरच्या आठवड्यात पलीकडच्या काउंटीतून माणसं यायला लागली. मार्लिस बादलीवर बसायची, अंगठा वर-खाली करायची. वेस्ली गुडघ्यावर बसून स्क्रू बदलायचा आणि मधूनच, तिने अंगठा हलवायच्या आधी, "जराशी चढली" असं हळूच पुटपुटायचा. दहातल्या सहा वेळा ते बरोबर निघायचं. उरलेल्या चार वेळा मार्लिस थर्मासमधली कॉफी ओतायची.

एकदा विस्कॉन्सिनहून कुणीतरी फोन केला आणि फोन गाडीच्या सायलेन्सरपाशी धरला. वेस्लीने ऐकलं, मान हलवली आणि ऐटीत म्हणाला, "वजन कमी करा, फार खाली आहे."

मार्लिसने फोन त्याच्या हातातून घेतला, कानाला लावला आणि म्हणाली, "काही करू नका. बॅटरी संपत आलीय तुमच्या फोनची, तो मधे घरघरतोय. गाडी ठीक आहे."