वाद्याच्या पोटातलं

"पट्टीवरचे खड्डे तेवढे घासून द्या, मिस्त्री," चिमण्याच्या आईने व्हायोलिन टेबलावर ठेवत सांगितलं. "तो शिकवायचा ना, त्यातल्या एका मुलीला देतेय. तिची बोटं म्हणे त्यात फसतात."

मिस्त्रींनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. तारांखालच्या काळ्या लाकडी पट्टीवर वर्षानुवर्षं बोटं दाबून चिमण्याने खळगे पाडले होते. दुसऱ्या हाताला त्या खळग्यांत सूर सापडत नाही, म्हणून पट्टी रंधा मारून सपाट करायची. हे काम त्यांनी शेकडो वेळा केलं होतं. आज रंधा कुठे ठेवलाय तेच त्यांना आठवेना.

चांगला सहा फूट वाढला, तरी तो चिमणाच राहिला होता. नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा दुकानात आला तो छताकडे बघत म्हणाला, "काका, तुमच्या पंख्याचा सूर जरा उतरलाय. वर चढवा." मिस्त्री पोट धरून हसले होते. पुढे दुरुस्त झालेलं प्रत्येक वाद्य आधी त्याच्या हाती जाऊ लागलं. तो वाजवायला लागला की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात येऊन उभा राहायचा, आणि त्याच्यामागे गालाला साबण फासलेलं गिऱ्हाईक. मग खांदा दुखतो म्हणून गोळ्या सुरू झाल्या, गोळ्या पुरेनात म्हणून नशेच्या पुड्या. दोनदा दवाखान्यात ठेवून झालं. मिस्त्रींनी समजावलं, झापलं, अबोला धरला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सव्विसाव्या वर्षी तो गेला, आणि मिस्त्रींच्या दुकानाचा जीवच गेला.

"उद्या हवंय तिला," आई म्हणाली. "मला दोन वाजता लॉन्ड्रीत हजर व्हायचंय. संध्याकाळी नेते."

"ताई, जरा बसा."

"का, काय झालं?"

मिस्त्रींच्या दुकानाचा एक नियम होता, अगदी वडिलांपासूनचा. वाद्याच्या पोटातून काय काय निघतं: बटणं, चिठ्ठ्या, एकदा तर कुणाचा तरी दुधाचा दात. जे निघेल ते पाकिटात घालून मालकाच्या हाती द्यायचं. त्याला काही विचारायचं नाही आणि दुसऱ्या कुणापाशी बोलायचं नाही. या नियमाचा त्यांना कोण अभिमान होता.

"शेवटचं हे व्हायोलिन माझ्याकडे आलं ना, तेव्हा आत काहीतरी सरकत होतं," ते म्हणाले. "कागदाची पुडी निघाली. काय आहे ते मला कळलं होतं, ताई. खोटं कशाला बोलू? तरी मी ती पाकिटात घालून त्याला परत दिली."

"कधी?"

"गेला त्याच्या आदल्या दिवशी."

आईने व्हायोलिनवर ठेवलेला हात मागे घेतला.

"फेकून द्यायला हवी होती मी," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही फेकली असतीत, तर त्यानं दुसरी आणली असती. त्याचं मला काही नाही." तिचा आवाज चढला नाही. "पण मला सांगितलं असतंत, तर दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नसते. त्याच्याजवळ बसून राहिले असते."

आता आई व्हायोलिन उचलून दुसरीकडे कुठेतरी जाईल, आणि गेली तर बरोबरच आहे, असं मिस्त्रींना वाटलं. ती उठलीसुद्धा. दारापाशी जाऊन तिने मोबाइल काढला आणि लॉन्ड्रीत कळवलं, "आज येत नाही मी." मग स्टूल ओढून टेबलाला लागून बसली.

"करा," ती म्हणाली.

रंधा हाताशीच होता. काळा भुसा टेबलावर पडत राहिला. मिस्त्रींचे डोळे दोनदा भरून आले, तेव्हा ते थांबले. चारच्या सुमाराला तारा चढल्या.

"वाजवा."

"मला वाजवता येत नाही, ताई. सगळा जन्म यात गेला, पण नुसत्या तारा जुळवता येतात."

"तेवढंच वाजवा."

मिस्त्रींनी गज उचलला आणि चारही मोकळ्या तारा एकेक करून वाजवल्या. चौथीचा आवाज पुरता थांबेपर्यंत आई मान खाली घालून ऐकत होती. मग तिने व्हायोलिनची पेटी उघडून त्यांच्यापुढे धरली.