निळ्या डब्यातला रस्सा

ठोंब्या हे नाव त्याच्या आईनेच ठेवलेलं. लहानपणी एकदा बसला की बसला. घराला आग लागली तरी हा आधी विचारेल, "आई, जेवायला काय आहे?" असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, म्हणून गल्लीत सगळे तिला इस्त्रीबाई म्हणत. नवरा लवकर गेला. पोराला वाढवताना बाईंनी त्याला कधी पाण्याचा पेलाही उचलू दिला नाही. मोठा होऊन तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, दिवसभर लोकांच्या इमारतींत खाली-वर करू लागला, पण घरात मात्र ठोंब्याच राहिला. बाईंना त्याचं काही वाटत नसे. पोरगं आपल्यावाचून अडतं, यातच त्यांचं सुख होतं.

मग सून आली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बोलायला गोड, हाताला चपळ, नवऱ्याला अरे-तुरे करणारी. बाईंनी तेही गिळलं. घरात मिठाचा खडा पडायला कारण झालं ते वेगळंच.

पालिकेने घरोघरी चाकांचे उंच निळे डबे वाटले. आधीचा काळा डबा सगळ्या कचऱ्यासाठी होता. हा निळा फक्त पुन्हा वापरात येणाऱ्या वस्तूंसाठी. झाकणाच्या आत चित्रं चिकटवलेली होती: कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे. खाली फुली मारून उष्टं-खरकटं, तेलकट कागद, कापड, फुटकी काच, बल्ब. सुनेने ती चित्रं एकदा मन लावून पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "हे काम तुझं."

"माझं?" ठोंब्या म्हणाला.

"मग कुणाचं? मशीनचं तुला सगळं कळतं, डब्याचं नाही कळणार?"

बाई मनात म्हणाल्या, आता बघ गंमत. हा कसला हलतोय!

ठोंब्या हलला. नुसता हलला नाही, तर त्याला त्याचं वेडच लागलं. दह्याच्या रिकाम्या डब्या तो धुऊन पालथ्या घालू लागला. खोक्यांची चिकटपट्टी सोलून, खोकी पायाखाली दाबून सपाट करू लागला. बाटलीला कुठलं झाकण चालतं, दुधाच्या खोक्याला आतून चकचकीत कागद असतो तो चालतो का, यावर जेवताना चर्चा होऊ लागल्या. एकदा बाईंनी लोणच्याची बरणी नुसतीच पुसून निळ्या डब्यात टाकली, तर त्याने ती बाहेर काढून त्यांच्यासमोर धरली.

"आई, आत तेल आहे अजून."

"पुसलीय मी."

"पुसून नाही चालत गं. धुवायची. तिला विचार हवं तर."

तिला विचार! इतकी वर्षं ज्यांनी इस्पितळातले रक्ताचे डाग काढले, त्यांनी आता बरणी कशी धुवायची ते कालच्या पोरीला विचारायचं. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्याहून जास्त झोंबलं ते संध्याकाळचं दृश्य. जेवणं झाली की दोघं मोरीपाशी उभी राहत. तो डबे धुवायचा, ती पुसायची. काहीतरी कुजबुजायची आणि हा खदाखदा हसायचा. बाई बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसत, पण आवाज बारीक ठेवत. काय बोलतात ते तरीही ऐकू यायचं नाही. हसणं तेवढं यायचं.

"कानामागून आली आणि तिखट झाली," त्या एकदा शेजारच्या शिंपीकाकांना म्हणाल्या.

शिंपीकाका सुईत दोरा ओवत म्हणाले, "बरंच आहे की. पोरगा कामाला लागला."

"तुम्हाला काय कळतंय!" म्हणून बाई तिथून उठल्या.

निळ्या डब्याची गाडी यायची त्याच्या आदल्या दिवशी ठोंब्याला सुट्टी होती. बाईंनी सकाळीच बाजारातून मासे आणले. त्याला लहानपणापासून त्यांच्या हातचा माशांचा रस्सा आवडायचा. ताप आला असला तरी तो उठून बसायचा. बाईंनी दुपारभर राबून रस्सा केला, मोठं पातेलं भरून. संध्याकाळी ठोंब्या निळा डबा ढकलत फाटकाबाहेर ठेवून आला. हात धुतले, नवा शर्ट घातला आणि चपला शोधू लागला.

"कुठे निघालास?"

"तिच्या मैत्रिणीकडे बोलावलंय. बाहेरच जेवून येऊ, आई."

"अरे, रस्सा केलाय."

"हो? अगं मग ठेव की. उद्या खाऊ."

सून दारातून म्हणाली, "सांगायचं राहिलंच हो आई. माझीच चूक." आणि दोघं गेली. तो तिच्या बाजूने, रस्त्याच्या कडेने चालत होता. पूर्वी बाजारात जाताना तो असाच आपल्या शेजारून चालायचा, हे फाटकात उभ्या बाईंना आठवलं आणि त्या आत आल्या.

त्यांनी एकटीने ताट वाढून घेतलं. दोन घास खाल्ले. तिसरा उतरेना. उद्या खाऊ म्हणे! उद्या शिळा झालेला रस्सा खाणार, तोही तिने 'छान झालाय' म्हटलं तर. बाई उठल्या. पातेलं दोन्ही हातांनी उचललं, फाटकाबाहेर गेल्या, निळ्या डब्याचं झाकण वर केलं. आत सगळं कसं नीटनेटकं होतं. सपाट पुठ्ठे, धुतलेल्या बाटल्या, चमकणारे डबे. पोराच्या हातचं काम. एवढी निगुती त्याने आपल्या कुठल्या गोष्टीची केली होती? त्यांनी पातेलं पालथं केलं. डोकी, काटे, तेलाचा तवंग, सगळं पुठ्ठ्यांवरून खाली उतरत गेलं. मग घरात येऊन त्यांनी पातेलं लखलखीत घासलं, पालथं ठेवलं आणि दोघं परत यायच्या आत झोपायला गेल्या.

सकाळी गाडीवाल्याने झाकण उघडलं आणि नाक दाबून तीन पावलं मागे गेला.

"अहो, कोणाचा हा डबा? सगळी गाडी नासवायची का आमची?"

त्याने डब्याच्या कडीला नियम मोडल्याची लाल चिठ्ठी अडकवली आणि डबा तसाच सोडून पुढे गेला. गल्लीतले लोक आपापल्या फाटकाशी आले. शिंपीकाका आले, त्यांची बायको आली. इतक्या दिवसांत गल्लीतला लाल चिठ्ठीचा पहिला डबा आणि तो ठोंब्याचा! जो लोकांना थांबवून थांबवून सांगायचा की पिझ्झाच्या खोक्याचं वरचं कोरडं झाकण फाडून घ्या, तेवढं चालतं.

ठोंब्याने आत डोकावून पाहिलं. त्याचे कान लाल झाले. तो बायकोकडे वळला.

"काल रात्री स्वयंपाकघर तू आवरलंस ना?"

सुनेने एकदा डब्यात पाहिलं, एकदा सासूकडे. बाई फाटकाला धरून उभ्या होत्या.

"हो," ती म्हणाली. "अंधारात डबा चुकला असेल."

"चुकला? मला अक्कल शिकवतेस आणि स्वतः उष्टं ओततेस? आणि आईने केलेला रस्सा होता तो! मला आज खायचा होता."

तो सगळ्यांदेखत बोलला, आवाज चढवून. असं तो कधी कुणाला बोलत नसे. बाईंना आतून गोड वाटलं. खोटं कशाला सांगा, अगदी साखरेचा खडा जिभेवर ठेवावा तसं वाटलं. तो खडा विरघळेपर्यंतच. कारण सून काही उलट बोलली नाही. मान खाली घालून आत गेली आणि तिच्या मागोमाग बाईही गेल्या.

सून कामावर न्यायचा जेवणाचा डबा भरत होती. पाठमोरीच म्हणाली, "आई, मी काल स्वयंपाकघरात आले तेव्हा पातेलं घासून पालथं होतं."

बाईंनी ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"मग सांगितलं का नाहीस त्याला?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू? तुम्ही दोघांनी बोलणं टाकलं असतं, आणि मधे मी. मला शिव्या दिल्या तर रात्रीपर्यंत विसरेल तो." तिने डब्याचं झाकण लावलं. "आणि खरं सांगू? बाहेर अगदी बेचव जेवलो. घरी येऊन रस्सा खाऊ म्हणून पोटात जागा ठेवली होती मी."

ती कामाला गेली. बाईंना वाटलं होतं ती भांडेल, रडेल, माहेरी फोन करेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. आता ही मोठ्या मनाची ठरली आणि आपण चोर. म्हणजे यातही तिचाच वरचष्मा! दिवसभर बाईंचं कशात लक्ष लागेना. डाळ निवडायला घेतली ती तशीच ठेवली. दाराबाहेर तो डबा उन्हात घमघमत होता, मांजरं भोवती फिरत होती, आणि बाईंच्या डोक्यात एकच घोळत होतं: उद्यापासून ही आपल्याशी गोड बोलेल आणि प्रत्येक गोड शब्दाखाली तो रस्सा असेल. जन्मभर तिच्या उपकाराखाली राहायचं? छे. त्यापेक्षा पोराच्या शिव्या परवडल्या.

ठोंब्या कामावरून आला, बूट काढायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

"रस्सा मी ओतला."

त्याला आधी कळलंच नाही. मग तो खुर्चीवर बसला.

"का?"

"तू जेवला नाहीस म्हणून."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी नाही." बाईंचा आवाज फाटला. "त्या डब्याशी जेवढा बोलतोस तेवढा माझ्याशी बोलत नाहीस तू. मला वाटायचं तुला हातपाय हलवता येत नाहीत. येत होते. माझ्यासाठी हलवावेसे वाटले नाहीत एवढंच."

"तू हलवू दिलेस कधी? पेला उचलला तरी हातातून काढून घ्यायचीस."

तो उठला. "सगळ्यांसमोर बोललो मी तिला, आई," एवढंच म्हणाला आणि तिला आणायला बसथांब्याकडे निघून गेला. पुन्हा तिच्याचकडे. बाईंना पुन्हा तेच झोंबलं. खरं बोलल्याने ते थांबलं नव्हतं.

दोघं परतली तेव्हा सुनेची पिशवी त्याच्या खांद्यावर होती आणि तिचे डोळे लाल होते, पण चेहरा उजळलेला. ठोंब्याने बाह्या वर केल्या, निळा डबा ढकलत अंगणातल्या नळापाशी आणला आणि आईकडे पाहिलं.

"चल, आई. मी धरतो, तू घास."

आधी त्यांनी भिजलेले पुठ्ठे काढून काळ्या डब्यात टाकले, ते आता कशाच्याच कामाचे नव्हते. बाटल्या, डबे एकेक करून पुन्हा धुतले. मग रिकामा डबा आडवा पाडून बाई कमरेपर्यंत आत वाकल्या. वास असह्य होता.

"मासा चांगला होता पण," आतून त्यांचा आवाज घुमला.

ठोंब्या फिसकन हसला. मग त्याला हसू आवरेना. त्याचं पाहून बाईंनाही. डब्यात हसल्यामुळे ते हसणं दुप्पट मोठं झालं. त्याने डब्याची चाकं कशी काढतात ते दाखवलं, त्यांनी साबणाऐवजी आधी धुण्याचा सोडा का घालायचा ते सांगितलं. शर्ट भिजले. कितीतरी दिवसांनी तो त्यांना काहीतरी विचारत होता आणि उत्तर ऐकायला थांबत होता.

सून दारात आली. कपडे बदलून, ओढणी कमरेला खोचून.

"मी येऊ का मदतीला?"

"नको," बाई म्हणाल्या. विचार करायच्या आत तोंडातून गेलं. "तिघांना जागा नाही इथे."

ठोंब्या पाण्याचा पाइप लावण्यात गुंतला होता, त्याने मान वर केली नाही. सून हसली, पण ते हसू ओठांपुरतंच राहिलं. ती आत गेली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली आणि मायलेकांकडे बघत राहिली. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

बाईंनी ते पाहिलं. तो चेहरा कशाचा आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. थोडं वाटलंही. पण त्यांनी लगेच हाक मारली नाही. आधी डब्याचा तळ पुरता स्वच्छ होऊ दिला, कोपरे दोनदा घासले, पोराला सांगून पाणी आणखी एकदा मारून घेतलं. मग पाठ सरळ करून त्या म्हणाल्या,

"अगं, उभी काय राहिलीस? ये, झाकण धर."