पुढच्या अधिकात

सकाळी सातला आमच्या ह्यांचा फोन आला. "घरी येत नाही. मी पंचक्रोशीला निघालोय."

मी पोह्यांना फोडणी घालत होते. मला वाटलं, यजमानांच्या गडबडीत काहीतरी बोलतायत. अधिक महिन्यात मणिकर्णिकेवर पाय ठेवायला जागा नसते. काशीला प्रदक्षिणा घालायला गावोगावचे लोक येतात, पाच दिवस अनवाणी चालतात आणि जिथून निघाले तिथेच परत येतात. निघण्याआधी त्यांना संकल्प सांगणाऱ्या गुरुजींपैकी एक आमचे हे, बिंदुमाधवशास्त्री. चाळीस वर्षं ह्यांनी हजारो माणसं पंचक्रोशीला धाडली, स्वतः एकदाही गेले नाहीत. ब्रह्मा घाटावरच्या घरातून मणिकर्णिकेवरच्या आपल्या बसायच्या लाकडी चौकीपर्यंत जायचं, हाच ह्यांचा व्यायाम, आणि येताना तोही नावेतून.

लग्न होऊन मी काशीत आले तेव्हा अधिक महिना चालू होता. घाटावरून जाणाऱ्या बायका बघून मी म्हटलं होतं, "आपण दोघं करू या का?" हे म्हणाले, "पुढच्या अधिकात." अधिक येतो तीन वर्षांनी. पुढच्या अधिकात यजमानांची गर्दी होती, त्याच्या पुढच्यात मैत्रेयी पोटात होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग ह्यांचे गुडघे, मग ह्यांची साखर. शेवटी मी विचारायचंच सोडून दिलं. म्हणून फोनवर मी म्हटलं, "तोंडात पान आहे का? नीट सांगा."

"पान थुंकलं," हे म्हणाले. तेव्हा मात्र मी गॅस बंद केला.

मैत्रेयी बँकेत जायच्या तयारीत होती, तिला घेऊन मी मणिकर्णिकेवर गेले. हे आपल्या चौकीवर नव्हते, खाली पायरीवर बसले होते, यजमान बसतात तिथे. झालं होतं ते असं. पहाटेपासून घोळक्यांमागून घोळके येत होते. बलियाकडच्या दहा-बारा बायका समोर बसल्या. तळहातावर पाणी कसं धरायचं हे दाखवायला ह्यांनी स्वतःच्या हातावर पाणी घेतलं. एरवी पुढे ह्यांनी थांबायचं आणि ज्याने त्याने आपापलं नाव-गोत्र म्हणायचं. घसा बसलेला, डोळ्यांवर झोप. हे थांबलेच नाहीत. रोज घरच्या देवांपुढे म्हणतात तसं कौशिक गोत्र, बिंदुमाधव शर्मा, असं स्वतःचंच सगळं म्हणून गेले, पंचक्रोशी यात्रा करीन म्हणाले आणि हातावरचं पाणी सोडलं. बायका नमस्कार करून वाटेला लागल्या, आणि मग ह्यांच्या लक्षात आलं.

शेजारच्या चौकीवर सुमंत गुरुजी असतात, रामघाटचे. तीस वर्षं दोघं एकमेकांच्या चुका काढण्यात सुखाने जगलेत. त्या दिवशी मात्र ते गंभीर होते. म्हणाले, "जीभ घसरली, एवढंच. प्रायश्चित्त घ्या. नाहीतर तुमच्या वतीने दुसरा कुणी चालेल. शास्त्रात सोय आहे."

"ती सोय ज्याचे पाय चालत नाहीत त्याला," हे म्हणाले.

"तुमचे कुठे चालतात?"

"अजून चालवून बघितले नाहीत."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही काय म्हणालात ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसेल."

हे माझ्याकडे न बघता बोलले. "पाणी हातातून गेलं, प्रमोदिनी. आता मीच म्हणालो की त्या शब्दांना अर्थ नाही, तर एवढी वर्षं लोकांना काय सांगत होतो? पुरी झाली तर येऊन ह्या चौकीवर बसेन. नाही झाली तर चौकी सुमंतरावांची. दुसऱ्याच्या हातावर पाणी घालायला मी परत बसणार नाही."

आमच्या घरात हा माणूस प्रत्येक गोष्टीत तडजोड करतो. पथ्यात करतो, डॉक्टरांशी करतो, देवाशीसुद्धा नैवेद्याच्या लाडवावरून करतो. असं ठाम बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि मैत्रेयीच्या हातात दिल्या.

"आई, तू पण? पागल झालात का दोघं?"

"ह्यांच्या गोळ्या कोण देणार?" मी म्हटलं. गोळ्या हे खरं कारण नव्हतं, ते तिलाही कळलं. तिने घरून औषधं, सातू, ह्यांचं धोतर आणि माझं लुगडं एका पिशवीत कोंबून आणलं. पोहे कढईतच राहिले.

पहिल्या दिवशी अस्सीवरून कंदव्याच्या मुक्कामाला पोचेपर्यंत ह्यांनी अर्धी काशी पाहुण्यासारखी बघितली. काशी उजव्या हाताला ठेवायची, त्या बाजूला थुंकायचंही नाही, चप्पल नाही, वाहन नाही, दुसऱ्याचं अन्न नाही. हे सगळे नियम हे लोकांना एका दमात सांगत. आता एकेक नियम तळपायाला कळत होता. डांबर इतकं तापलेलं की आम्ही कडेच्या धुळीतून चालत होतो. यजमानांनी विचारलं, "पंडितजी, लंबा है क्या?" तर हे नेहमी म्हणत, "अरे, कुछ नहीं, महादेव चला लेंगे." मी वाटेत विचारलं, महादेव आलेत का? हे हसले नाहीत.

संध्याकाळी तिथल्या कर्दमेश्वराच्या तळ्याच्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसलो, तेव्हा मैत्रेयी डबा घेऊन स्कूटीवर आली. बापाच्या पायांवरचे फोड बघून तिचे डोळे भरले. म्हणाली, "बाबा, उद्या भीमचंडीपर्यंत पीछे बैठ जाओ. कोण बघतंय?"

"कुणी बघत नाही म्हणूनच," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भीमचंडीच्या अलीकडे ह्यांची साखर उतरली. घाम फुटला, हात थरथरायला लागले, वडाखाली बसले ते उठेनात. सातू सकाळीच संपला होता आणि मैत्रेयी जाममध्ये अडकली होती. माझ्या पिशवीत गोळ्या होत्या, पण त्या साखर उतरवायच्या. तेवढ्यात झाडामागे चुलीचा धूर दिसला. त्याच बलियाच्या बायका बाटी भाजत होत्या. त्यांची पुढारी गंगा नावाची, माझ्याच वयाची, काळी-सावळी, ठणठणीत आवाजाची. ती गूळ आणि पाणी घेऊन धावत आली.

ह्यांनी मान फिरवली. "परान्न," एवढंच म्हणाले.

मला असा राग आला की विचारू नका. माणूस डोळ्यांसमोर पांढरा पडतोय आणि नियम सांगतोय. मी म्हटलं, "रोज संकल्पात सकुटुंब, सपरिवार म्हणता ना? ह्या बायकांना तुम्हीच यात्रेला धाडलं. मग ह्या परिवारात नाहीत का? तोंड उघडा, नाहीतर मी उघडते."

गंगाला मराठी कळलं नाही, राग कळला. ती ह्यांच्यापुढे बसली आणि म्हणाली, "पंडितजी, हम तो उसी दिन सुने थे. आप अपना नाम लिए, पानी छोड़े. हम लोग बड़े खुश हुए कि गुरुजी खुद साथ चलेंगे. दो दिन से पीछे मुड़-मुड़ के देख रहे हैं कि अब आए, अब आए."

कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मी म्हटलं होतं, आणि इथे डझनभर बायका दोन दिवस ह्यांची वाट बघत होत्या. ह्यांनी हात पुढे केला आणि गूळ खाल्ला. मग बाटी खाल्ली, मग चोखा, म्हणजे त्यांच्याकडचं वांग्याचं भरीत, मग आणखी बाटी. मैत्रेयी डबा घेऊन पोचली तेव्हा तिचे बाबा गंगाच्या मंडळीत बसून चोख्यात मिरची कमी आहे असं सांगत होते.

तिथून पुढे आम्ही एकटे चाललो नाही. बायका पहाटे निघताना आम्हाला उठवत. ह्यांची चाल मंद, म्हणून त्या पुढे जाऊन सावलीत गाणी म्हणत बसत, आम्ही पोचलो की उठत. रामेश्वरच्या वाटेवर एका ट्रॅक्टरवाल्याने ह्यांना न विचारताच पायांवर हंडाभर गार पाणी ओतलं आणि निघून गेला. शिवपूरला धर्मशाळेतल्या एका म्हाताऱ्याने फोडांना हळदीचं तेल लावून दिलं. हे आयुष्यभर लोकांकडून पाया पडून घेत आलेले, त्यांना आपला पाय दुसऱ्याच्या मांडीवर ठेवणं किती जड गेलं ते मी बघत होते. ठेवला मात्र. मैत्रेयी रोज बँकेच्या आधी आणि नंतर येत होती. स्कूटीवर बसा, हे तिने परत म्हटलं नाही.

शेवटच्या दिवशी कपिलधारेहून अंधारातच निघालो. ह्या टप्प्यात वाटेवर जव टाकत मणिकर्णिकेपर्यंत जायचं असतं. वरुणेचा पूल ओलांडून घाटांवर उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ह्यांचा उजवा गुडघा सुजून भोपळा झाला होता. जव टाकायला वाकता येईना, म्हणून मी ह्यांच्या ओंजळीतले दाणे ह्यांच्या वतीने टाकत होते. राजघाटच्या पुलाखाली सावली होती तिथे आम्ही फार वेळ बसलो, आणि तीच चूक झाली. उठलो तेव्हा घाटाचे दगड तव्यासारखे झाले होते.

बायकांच्या सोबतीने कसेबसे ब्रह्मा घाटाला आलो. वर आमचं घर दिसत होतं. खिडकीत मीच वाळत टाकलेला पंचा पाच दिवस तसाच होता. यात्रा पुरी होईतो घरी पाऊल टाकायचं नाही. हे पायरीवर बसले. तळपायाचे फोड फुटले होते. पाय दगडावर टेकवला की चेहरा पिळवटायचा.

नेहमीचा नाववाला बचाऊ काठाशी आला. "गुरुजी, आ जाइए. पाँच मिनट में मणिकर्णिका. बाढ़ में तो आप ही सबको नाव से भेजते हैं."

"बाढ़ कहाँ है, बचाऊ?" हे म्हणाले. पूर नव्हताच, घाट कोरडे होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले. मग हळूच मला म्हणाले, "प्रमोदिनी, नाही होत ग."

ह्यांनी नाव घेतली असती तर मी एका शब्दानं बोलले नसते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस चौकीवर न जाता घरात भिंतीकडे बघत बसेल, हे मला दिसत होतं, आणि ते बघायची माझी तयारी नव्हती.

तेवढ्यात वरून पाणी आलं. मैत्रेयी. त्या दिवशी तिने सुट्टी काढली होती. घरातली बादली घेऊन ती पायऱ्या उतरत होती आणि ह्यांच्यापुढच्या दगडांवर पाणी ओतत होती. दगड चुर्र वाजले. ती नदीशी वाकली, बादली भरली आणि पुढची फरशी भिजवली. "बाबा, इथे पाय ठेवा. जल्दी, सुकतंय."

ह्यांनी पाय ठेवला. मग दुसरा. मी एका बाजूने धरलं, गंगाने दुसऱ्या बाजूने, आणि हे उभे राहिले. गंगाच्या बायकांनी आपापले लोटे काढले. बचाऊने नाव बांधली आणि नावेतलं पाणी उपसायचा डबा घेऊन तो पुढे झाला. आम्ही पंचगंगेला पोचेपर्यंत वरच्या घरांतून शेजारणी कळश्या घेऊन उतरल्या होत्या. रामघाटावर सुमंत गुरुजी आपल्या पाठशाळेसकट उभे होते, हातात घागर. "शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले आणि ह्यांच्या पायापुढे घागर उपडी केली. अंघोळीला आलेले, फोटो काढायला आलेले, कुठले कुठले लोक, काय चाललंय हे न विचारता ओंजळीने पाणी टाकू लागले. ओल्या दगडांची वाट घाटामागून घाट पुढे सरकत होती, आणि तिच्यावरून आमचे हे लंगडत, रडत, मध्येच हसत चालले होते. मीही रडत होते आणि जव टाकत होते.

मणिकर्णिकेवर एकीकडे चिता जळत होत्या, दुसरीकडे हे घाटावरच्या कुंडाच्या पाण्यात उतरले. डोकं बुडवून वर आले तेव्हा सगळ्या घाटाने "हर हर महादेव" म्हटलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज गंगाचा होता.

सुमंत गुरुजी सांगता करायला बसले. आधी गंगाच्या बायकांची केली, मग ह्यांना नाव-गोत्र विचारलं. ह्यांनी ते सावकाश सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमचा संकल्प कोणी सांगितला होता?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. मी नुसतीच चालले होते.

ह्यांचा चेहरा पडला. "मी सांगायला हवा होता. माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझा संकल्प मी काशीत आले त्याच अधिकात झालाय," मी म्हटलं. "पाणी तेवढं राहिलंय." कुंडातलं पाणी तळहातावर घेतलं, माझं नाव घेतलं, एकटीचं, आणि सोडलं. सुमंत गुरुजी काहीतरी म्हणणार होते, पण गंगाकडे बघून त्यांनी माझीही सांगता करून टाकली.

मग मी ह्यांना विचारलं, "नवऱ्याच्या पुण्यातलं अर्धं बायकोला मिळतं ना?"

"मिळतं."

"आणि बायकोच्यातलं नवऱ्याला?"

"काही नाही."

"म्हणजे तुमच्याकडे अर्धं, आणि माझ्याकडे दीड."

मैत्रेयीने माझ्या चपला पुढे केल्या. हे आपल्या चौकीपर्यंत लंगडत गेले, तिच्यावर हात फिरवला आणि बसले. समोर दोन नवे यात्रेकरू होतेच. त्यातल्या एकाने विचारलं, "पंडितजी, लंबा है क्या?"

"बहुत लंबा है," हे म्हणाले. "गुड़ रख लेना. और किसी को साथ ले जाना."

संध्याकाळी घरी परतताना बचाऊने नावेतून ब्रह्मा घाटापर्यंत सोडलं. वर घरापर्यंत पायऱ्या आहेत, त्या आम्ही दर चार पायऱ्यांवर बसत चढलो. मध्येच माझा हात धरून हे म्हणाले, "प्रमोदिनी, पुढच्या अधिकात..."

"आधी हा जिना चढा," मी म्हटलं. पण हात सोडवून घेतला नाही.