झिजलेला पिस्टन

अप्पांच्या जुन्यापुराण्या मोटरसायकलचा पिस्टन इतका झिजला होता, की ती कोपऱ्यावर असतानाच खडखडाट घरात पोचायचा. शेवटी अप्पा इरेला पेटले. सिलिंडर लेथवर बोअर करून आणला, त्यात नवा पिस्टन आणि रिंगा स्वतःच्या हातांनी बसवल्या. इंजिन असं बिनआवाज चालू लागलं, की शेजारून गेलं तरी कळेना. एक फेरी मारून अप्पा कॉलर ताठ करत घरी आले.

दारात पाऊल टाकलं आणि ते जागीच थिजले. त्यांच्या आरामखुर्चीत मुलगा घोरत होता, सूनबाई टीव्हीवर कुस्ती बघत ओरडत होती, आणि साखर बंद केलेली बायको बरणीतला जॅम चमच्याने हाणत होती.

"अगं बाई! गाडी ढकलत आणलीत की काय?" बायको दचकली.

"म्हणजे हे रोजचंच? आणि मी समजत होतो, घरात माझा दरारा आहे!"

"होता की," ती चमचा चाटत म्हणाली, "पण तो त्या जुन्या पिस्टनमध्ये होता. टाकलात का?"

अप्पा तडक गॅरेजकडे वळले. नशीब, भंगारवाला अजून यायचा होता.