नेलपॉलिशचा ठिपका

वैशालीनं नळीतून ओढून काढलेली चिंधी खिडकीच्या उजेडात धरली. काळी. दुसरी घातली, ती करडी निघाली. ती तिसरी चिंधी फाडायला लागली तसे अलाउद्दीनभाई खुर्चीत हलले.

"ताई, नवंकोरं पिस्तूल हाय ते. तुमी तर बाळंतिणीला न्हाऊ घालावं तसं चालवलंय."

"आत्ताच एवढ्या गोळ्या झाडल्या ना यातून, भाई. ही बावीस बोअरची गोळी म्हणजे नुसतं मेण आणि काजळी. खिशाला स्वस्त, पण नळीत चूल पेटवल्यासारखी घाण करते."

"म्हणून तर म्हंतोय, ह्ये घ्या." भाईंनी टेबलावरचं दुसरं पिस्तूल उचललं, रिकामं असल्याची खात्री करून घेतली आणि अंगठ्यानं एक बटण दाबलं. वरचा भाग अलगद सुटून त्यांच्या हातात आला. "बघा. भाजी निवडायला जास्त वेळ लागतोय."

भाई मूळचे पौडचे. पुण्यात कॅम्पात त्यांचं बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं. भुकूमच्या टेकडीलगतच्या या नेमबाजी क्लबला मुलींच्या सरावासाठी एक पिस्तूल घ्यायचं होतं, म्हणून दोन नमुने घेऊन ते आज स्वतः आले होते. क्लबच्या शस्त्रखोलीच्या किल्ल्या वैशालीकडे असत. जुन्या पिस्तुलाची दुखणी तिनंच काढलेली, त्यामुळे निवडही कमिटीनं तिच्यावर सोपवली होती. अटी दोनच: परवडणारं हवं आणि साफ करायला सोपं हवं.

परवडायला दोन्ही सारखीच होती. बटणाचं पिस्तूल देखणं होतं. त्याची लाकडी मूठ उजव्या तळहाताच्या वळणावर कोरलेली, खाली हात टेकायला छोटा कठडा. दुसरं काळं, साधं, दोन्ही बाजूंनी सपाट मुठीचं. नेम उत्तम, पण उघडायला लाकडी हातोडी लागे आणि परत जोडायला नवस.

"आणि डाव्या हाताची लाकडी मूठ?" वैशालीनं कोथिंबिरीचा भाव विचारावा तसं विचारलं.

"ती परदेशातनं मागवावी लागंल. आठ-धा महिनं धरा."

हे उत्तर तिला सकाळपासून ठाऊक होतं. भाईंच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, एवढंच.

राज्य निवड चाचणी दोन महिन्यांवर आली होती. क्लबात डावखुरी मुलगी एकच. मृण्मयी. स्वरदाची मुलगी.

वैशालीला काही करावंच लागणार नव्हतं. अट पाळायची आणि लाकडी मुठीच्या पिस्तुलापुढे टिक करायची. इतक्या वर्षांनी सूड घरपोच आला होता, तोही कमिटीच्या ठरावासकट. आता नुसती सही करून तो घ्यायचा. तिला हसू आलं, पण भाई समोर होते म्हणून तिनं ते चिंधीत पुसलं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी दोघी एका क्लबात होत्या आणि दोघींत मिळून पिस्तूल एक होतं. वैशाली भुकूमहून एसटीनं जायची, स्वरदा प्रभात रोडवरून स्कूटीनं. दोघींचा डोळा वेगळा, पकड वेगळी, म्हणून मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खाचेच्या, स्क्रूची जागाही वेगळी. त्यासाठी साइटवर नेलपॉलिशचे दोन ठिपके दिलेले होते, वैशालीचा लाल आणि स्वरदाचा जांभळा. आपलं झालं की स्क्रू दुसरीच्या ठिपक्यावर आणायचा आणि मगच पिस्तूल तिच्या हातात द्यायचं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. ताट वाढताना मीठ वाढायचं असतं, हे कोण लिहून ठेवतं?

पिस्तूल साफ करायचं काम मात्र कुणी न सांगता वैशालीकडे आलं होतं. ते का आलं, हे तेव्हा तिनं विचारलं नाही. पुढे कळलं, तेव्हा विचारायची गरज उरली नव्हती.

निवड चाचणीच्या दिवशी स्वरदा आधी खेळली. मग वैशालीची पाळी. पहिली गोळी डावीकडे, दुसरी डावीकडे, तिसरीही तिथंच. तिला वाटलं, मनगट कच खातंय. तिनं मनगट आवळलं, श्वास बदलला, उभं राहण्याची जागा बदलली. गोळ्या डावीकडेच जात राहिल्या. साइटकडे बघावं असं तिला सुचलंच नाही, कारण मैत्रिणीनं दिलेल्या पिस्तुलाकडे तसं कुणी बघत नाही. संध्याकाळी साफ करायला बसली तेव्हा दिसलं, स्क्रू जांभळ्या ठिपक्यावर होता.

पुढे स्वरदाला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. वैशालीचं लग्न लागलं. धम्मपाल चांगला माणूस निघाला, हा वेगळा भाग. पण तो राग तिनं एकदम गिळलाही नाही आणि थुंकलाही नाही. रोजच्या भाकरीबरोबर तुकडा तुकडा खाल्ला.

मागच्या वर्षी स्वरदा सूसच्या सोसायटीत राहायला आली आणि तिनं मुलीला इथं घातलं. मुलीला सोडायची, न्यायला यायची. आत कधी आली नाही. फाटकाबाहेर गाडीची काच वर करून बसायची.

"मॅडम, येऊ?"

मृण्मयी दारात होती. सतरा वर्षांची, लांब हातांची, आईसारखंच कपाळ.

"ये. दोन्ही धरून बघ."

मुलीनं लाकडी मुठीचं पिस्तूल डाव्या हातात घेतलं. कठडा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला. तिनं हात दोनदा बदलला.

"हे घेणार आहात का?"

"साफ करायला सोपं आहे."

मृण्मयीनं ते उजव्या हातात घेऊन पाहिलं. "चालेल. मी उजव्या हातानं शिकते. वेळ लागेल थोडा."

ती तक्रार करती तर बरं झालं असतं. वैशालीनं काळं पिस्तूल पुढे सरकवलं.

"आधी यावर झाड. बघू तरी."

सकाळी वैशालीनं काळ्या पिस्तुलावर स्वतःचा नेम जमवला होता आणि सवयीनं पर्समधली बाटली काढून साइटवर लाल ठिपका दिला होता. "अवो, विकायचं हाय ते," असं भाई म्हणाले होते; तिनं ऐकलं नव्हतं.

मृण्मयीनं खोलीच्या उघड्या बाजूनं समोरच्या लक्ष्यावर दोन-तीन गोळ्या झाडून पाहिल्या, स्क्रू स्वतःपुरता फिरवला आणि मग पाच झाडल्या. पंचवीस मीटरवरच्या काळ्या गोलात पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. भाईंनी दुर्बिणीतून पाहून नुसती मान हलवली.

मुलीनं मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे हे पाहून पिस्तूल टेबलावर ठेवलं. मग खाली वाकली, नखानं स्क्रू फिरवू लागली. खट्, खट्, खट्. लाल ठिपक्यावर आणून थांबली आणि मगच बाजूला झाली.

"हे काय केलंस?" वैशालीनं विचारलं.

"तुमची खूण आहे ना ती? आई म्हणते, पिस्तूल ज्याचं त्याच्या खुणेवर ठेवून द्यायचं. लहानपणापासून एवढ्या एकाच गोष्टीसाठी तिचा मार खाल्लाय मी."

वैशालीनं टेबलावरची चिंधी उचलली, घडी घातली, परत उलगडली. इतकी वर्षं तिनं स्वरदाला एक जागा ठेवली होती: गडबडीत विसरली असेल. ती जागा आता गेली. विसरलेलं माणूस दुसऱ्याला असं शिकवत नाही.

"आई बाहेर आहे?"

"गाडीत."

"बोलाव. म्हणावं, पिस्तूल निवडायचंय, तुझं मत हवंय."

मुलगी गेली. भाईंनी घड्याळ पाहिलं आणि ते बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. वैशालीनं काळं पिस्तूल जवळ ओढलं. स्क्रू डावीकडे फिरवला. मोजत बसली नाही. तिची बोटं त्या अंतरासाठी केव्हाची तयार होती.

स्वरदा आली. कपाळावर पांढरी बट, हातात गाडीची किल्ली. क्लबच्या दारातून ती पहिल्यांदाच आत येत होती आणि तिथलं सगळं बघत होती, वैशाली सोडून.

"पाच झाड," वैशाली म्हणाली. "जमतंय का बघ."

"किती वर्षांत हात लावला नाही मी."

"हात विसरत नाही."

स्वरदा उभी राहिली. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. दुर्बिणीत डोकावून तिनं उजवं मनगट डाव्या हातानं चोळलं. वैशाली मागे भिंतीला टेकून बघत होती. मनगट चोळणाऱ्या माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे तिला पहिल्यांदाच बाहेरून दिसत होतं. तिला वाटलं होतं, गोड लागेल. लागलंही. शेवटपर्यंत लागेल का, याची तिला खात्री वाटेना.

तिसरी. चौथी. पाचवी. सगळ्या डावीकडे, एकमेकींना चिकटून.

"आई, सगळ्या डावीकडे?" मृण्मयी म्हणाली. "मनगट सैल पडतंय तुझं."

स्वरदानं पिस्तूल खाली ठेवलं, मॅगझिन काढलं. तेव्हा तिची नजर साइटवर गेली. लाल ठिपका एकीकडे, स्क्रू दुसरीकडे. ती खाली वाकली. मग तिनं स्क्रूला नख लावलं आणि उजवीकडे फिरवायला सुरुवात केली. ठिपक्यावर आल्यावर ती थांबली, पण नख काढलं नाही.

"मनगट ठीक होतं," ती म्हणाली. मुलीला म्हणाली, पण बघितलं वैशालीकडे. "तेव्हाही."

"तेव्हा म्हणजे कधी?" मृण्मयीनं विचारलं.

वैशालीनं स्क्रू फिरवलेला आपला उजवा हात पाठीमागून काढून टेबलावर ठेवला. आपण तो मागे धरला होता, हे तिला ठेवल्यावर कळलं.

अलाउद्दीनभाई दारात आले. "मग ताई, कमिटीला कुठलं कळवायचं?"

"काळं."

"आन साफसफाई? कमिटी तुमालाच इचारंल. रोज हातोडी घिऊन बसणार का?"

"मी नाही बसणार." वैशालीनं खालचं स्टूल पायानं पुढे सरकवलं. टेबलावर तेलाची बाटली, जुना टूथब्रश, हातोडी आणि चिंध्यांचं गाठोडं ओळीनं मांडलं, स्वरदाच्या बाजूला. "हिचा सराव सहाला संपतो. तू नाहीतरी बाहेर गाडीत बसतेसच."

स्वरदानं आपल्या नखांकडे पाहिलं. नीट कापलेली, फिकट गुलाबी. मग गाडीची किल्ली मुलीच्या हातात दिली आणि स्टुलावर बसली. पिस्तूल उघडायला तिला तीन वेळा हातोडी मारावी लागली. भाई मदतीला वाकले, तर वैशालीनं त्यांना हातानं थांबवलं.

पहिली चिंधी नळीतून बाहेर आली. स्वरदानं ती खिडकीच्या उजेडात धरून वैशालीला दाखवली.

"अजून," वैशाली म्हणाली.